एका पदकामागचं कर्ज

कॉलेजच्या खेळाडूची कारकीर्द जेमतेम पाच वर्षांची असते. पदवीची तीन आणि जमलंच तर पुढची दोन. प्रवेश झाला की निवड चाचण्या, मग झोनल, इंटरझोनल, तिथून विद्यापीठाचा संघ, आणि मेहनतीला नशिबाची जोड मिळाली तर आंतरविद्यापीठ स्पर्धा. विद्यापीठाचा ब्लेझर अंगावर चढतो, गावात फ्लेक्स लागतो, कॉलेजच्या वार्षिक अंकात फोटो छापून येतो. शेवटच्या वर्षाचा निकाल लागतो तेव्हा जिमखान्याच्या रजिस्टरमधलं नावही संपतं. ही पाच वर्षं आणि त्यांच्यानंतर उरणारं सगळं आयुष्य, असा या पुस्तकाचा विषय आहे.

मराठीत खेळाडूंवर बरंच लिहिलं गेलं आहे, पण ते बहुतेक पदकापासून सुरू होतं आणि पदकापाशी थांबतं. कॉलेजचा उल्लेख एखाद्या ओळीत उरकतो. प्रत्यक्षात खेळाडू घडतो किंवा हरवतो तो याच वर्षांत. अठरा ते तेवीस या वयात अंगात ताकद असते, शिकण्याची ओढ असते आणि चूक सुधारायला वेळही असतो. याच वयात घरून पहिल्यांदा विचारलं जातं, ‘खेळून पोट भरणार आहे का?’ या प्रश्नाचं उत्तर एकट्या खेळाडूला देता येत नाही. ते त्याच्या कॉलेजला, गावाला आणि सरकारला मिळून द्यावं लागतं. ते कधी दिलं गेलं, कधी टाळलं गेलं आणि टाळल्यावर काय झालं, हे समजून घेण्यासाठी कोल्हापूरइतकी चांगली जागा नाही.

मी हे उचगावात बसून लिहितो आहे. करवीर तालुक्यातलं, पुणे-बेंगळुरू महामार्गाला लागून असलेलं हे गाव. एका अंगाला गांधीनगरची कापडपेठ, दुसऱ्या अंगाला उजळाईवाडीचा विमानतळ आणि थोड्याच अंतरावर शिवाजी विद्यापीठ. इथली मुलं सकाळी मैदानावर असतात, दुपारी वर्गात, आणि संध्याकाळी कुणी कापडाच्या दुकानात तर कुणी शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत पाळीवर. खेळ, शिक्षण आणि कमाई यांची ही ओढाताण मी आयुष्यभर जवळून पाहत आलो आहे. म्हणूनच कॉलेजच्या खेळाडूची गोष्ट मला एका जुन्या, सर्वांना ठाऊक असलेल्या आणि तरीही नीट न वाचलेल्या उदाहरणापासून सांगावीशी वाटते. ते उदाहरण कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी खाशाबा दादासाहेब जाधव यांचं.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६चा, सातारा जिल्ह्यातल्या कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, त्यामुळे मातीची ओळख घरातच झाली. कऱ्हाडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिक्षण झालं, १९४२च्या चळवळीतही भाग घेतला, आणि पुढच्या शिक्षणासाठी ते कोल्हापूरला राजाराम कॉलेजात आले. त्या काळी कुस्ती शिकायची तर कोल्हापूर गाठायचं, हे ठरलेलंच होतं. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२मध्ये खासबागेचं मैदान उभं केलं होतं. गंगावेस, शाहूपुरी, मोतीबाग या तालमींत गावोगावची पोरं येऊन राहत, वस्तादाच्या नजरेखाली पहाटे जोर-बैठका काढत आणि हौद्यात लढत घेत. खाशाबांना इथे बाबूराव बलावडे आणि बेलापुरी गुरुजी यांचं मार्गदर्शन मिळालं.

कॉलेजातली एक हकीकत आजही सांगितली जाते. वार्षिक क्रीडा स्पर्धेत कुस्तीसाठी नाव द्यायला खाशाबा गेले, तेव्हा त्यांची लहानखुरी चण पाहून क्रीडाशिक्षकांनी नाव घेतलं नाही. खाशाबा थेट प्राचार्यांकडे गेले. त्यांनी परवानगी दिली, आणि या लहान चणीच्या विद्यार्थ्यानं आपल्याहून दांडगे गडी आस्मान दाखवून परत पाठवले. पुढे ‘पॉकेट डायनॅमो’ म्हणून त्यांची ओळख झाली ती याच चणीमुळे आणि वेगामुळे. त्यांचा ‘ढाक’ हा डाव नावाजलेला होता. मला या हकीकतीत महत्त्वाचं वाटतं ते प्राचार्यांचं दार. विद्यार्थी त्या दारापर्यंत जाऊ शकला आणि आत त्याचं ऐकून घेतलं गेलं. कॉलेजच्या खेळाडूच्या आयुष्यातले कितीतरी निर्णय अशा एखाद्या दाराशी होतात.

१९४८मध्ये खाशाबा लंडन ऑलिंपिकला गेले. खर्चाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. फ्लायवेट गटात, म्हणजे ५२ किलोंत, ते सहावे आले. आकडा साधा वाटतो, पण तो नीट समजून घेतला पाहिजे. आपल्याकडची कुस्ती तांबड्या मातीतली. ताक, तेल, हळद, लिंबू घालून मऊ केलेल्या हौद्यात पाय रोवायचा, वेळेचं बंधन फारसं मानायचं नाही आणि प्रतिस्पर्ध्याची पाठ मातीला लावली की निकाल. ऑलिंपिकची कुस्ती मॅटवरची. तिथे पाय वेगळा सरकतो, पकड वेगळी बसते, घड्याळ चालू असतं, आणि कुणी चितपट झालं नाही तर तीन पंचांचा कौल निकाल ठरवतो. मातीत वाढलेल्या पैलवानाला हे सगळं जवळजवळ नव्यानं शिकावं लागलं. लंडनमध्ये अमेरिकेच्या रीस गार्डनर या माजी मल्लानं त्यांना मार्गदर्शन केलं. अशा तोकड्या तयारीवर ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेच्या मल्लांना हरवून जगात सहावा क्रमांक मिळवणं ही असामान्य गोष्ट होती.

पुढची चार वर्षं खाशाबांनी मेहनतीत घातली. वजनी गट बदलून ते बँटमवेटमध्ये, ५७ किलोंत आले. पण १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकची वाट सरळ नव्हती. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत निरंजन दास यांच्याविरुद्ध आपल्याला जाणूनबुजून एक गुण कमी दिला गेला, अशी त्यांची तक्रार होती. ते थांबले नाहीत. पतियाळाच्या महाराजांकडे त्यांनी दाद मागितली, पुन्हा जोड लावली गेली, आणि खाशाबांनी निरंजन दास यांना चितपट करून संघातली जागा मिळवली.

जागा मिळाली, पण जाण्यासाठी पैसा नव्हता. सरकारकडे वारंवार मागणी करूनही मिळाली ती तुटपुंजी मदत. गावानं वर्गणी काढली, ओळखीच्यांनी जमेल ते दिलं. आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले.

ही गोष्ट आपण कौतुकानं सांगतो आणि कौतुक योग्यच आहे. एका शिक्षकानं विद्यार्थ्यावर याहून मोठा विश्वास दाखवल्याचं उदाहरण आपल्या क्रीडा इतिहासात शोधावं लागेल. पण त्या घटनेला दुसरी बाजू आहे, आणि या पुस्तकासाठी तीच अधिक महत्त्वाची आहे. देशाच्या संघात निवड झालेल्या विद्यार्थ्याला परदेशी पाठवायला कोणाकडेही निधी नव्हता, कोणताही नियम नव्हता. व्यवस्था कमी पडली, ती जागा एका घरानं भरून काढली. खर्डेकरांच्या जागी दुसरा कुणी असता तर आज आपल्याला खाशाबा जाधव हे नाव कदाचित माहीतही नसतं.

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडाच्या आणि मेक्सिकोच्या मल्लांना चितपट केलं आणि जर्मनीच्या फर्डिनांड श्मिट्झला पंचांच्या कौलानं हरवलं. शेवटच्या टप्प्यात जपानचा शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचा रशीद मामेदबेकोव्ह यांच्याशी गाठ होती. इशीशी दीर्घ लढत झाली आणि ती खाशाबा हरले. दोन कुस्त्यांच्या मध्ये विश्रांती मिळायला हवी होती. ती न देता त्यांना मामेदबेकोव्हसमोर उभं करण्यात आलं, आणि हरकत घ्यायला भारतीय पथकाचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. थकलेले खाशाबा तीही कुस्ती हरले. इशीला सुवर्ण, मामेदबेकोव्हला रौप्य, खाशाबांना कांस्य. २३ जुलै १९५२ला स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळालं. दुसऱ्या वैयक्तिक पदकासाठी देशाला १९९६पर्यंत, अटलांटात लिअँडर पेसच्या टेनिसपर्यंत, ४४ वर्षं थांबावं लागलं. त्याच हेलसिंकीत कोल्हापूरचे केशव मानगावे फेदरवेट गटात चौथे आले, हेही इथे मुद्दाम नोंदवतो. चौथ्या क्रमांकाचा खेळाडू लवकर विस्मरणात जातो, आणि या पुस्तकाला अशा नावांचंही देणं आहे.

खाशाबा परतले तेव्हा शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. गावानं आपला माणूस डोक्यावर घेतला. त्यानंतर खाशाबांनी जे केलं ते मला पदकाइतकंच मोठं वाटतं. कोल्हापुरात कुस्त्यांची मैदानं भरवून त्यांनी पैसे उभे केले आणि प्राचार्यांचं गहाण पडलेलं घर सोडवलं. ऑलिंपिक पदकविजेता विद्यार्थी आपल्या शिक्षकाचं कर्ज फेडण्यासाठी आखाड्यात उतरतो, ही गुरुशिष्यांची गोष्ट म्हणून सुंदरच आहे. पण देशाला मिळालेल्या पदकाचा खर्च शेवटी त्या पदकविजेत्याच्याच घामातून वसूल झाला, हेही तितकंच खरं आहे.

पुढचा हिशेब आणखी कठीण आहे. १९५५मध्ये खाशाबा पोलीस दलात उपनिरीक्षक झाले. गुडघ्याच्या दुखापतीमुळे १९५६चं मेलबर्न ऑलिंपिक हुकलं. पोलीस दलात त्यांनी इमानानं नोकरी केली, सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले, आणि निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावं लागलं. १९८२च्या दिल्ली आशियाई खेळांच्या वेळी मशालदौडीत त्यांना सहभागी करून घेतलं गेलं. १४ ऑगस्ट १९८४ला रस्त्यावरच्या अपघातात त्यांचा मृत्यू झाला. अर्जुन पुरस्कार जाहीर झाला तो मरणोत्तर, २००० सालचा. दिल्लीतल्या कुस्ती स्टेडियमला त्यांचं नाव २०१०मध्ये दिलं गेलं. पद्म पुरस्कार मिळालाच नाही. विद्यार्थ्यानं गुरूचं देणं काही काळातच चुकतं केलं. समाजानं आणि सरकारनं त्याचं देणं फेडायला सुरुवात केली तेव्हा तो हयात नव्हता.

कॉलेजच्या खेळाडूकडे वेगळ्या रीतीनं पाहणारे देशही आहेत. अमेरिका आणि कॅनडात कडाक्याच्या थंडीत आइस हॉकी हा खेळ विद्यापीठांच्या आश्रयानं वाढला. अमेरिकेत विद्यापीठांची राष्ट्रीय आइस हॉकी स्पर्धा १९४८मध्ये सुरू झाली, म्हणजे खाशाबा लंडनला गेले त्याच वर्षी. आज तिथे अव्वल श्रेणीत साठहून अधिक विद्यापीठांचे पुरुष संघ खेळतात. विद्यापीठाचं स्वतःचं बर्फाचं मैदान, पूर्णवेळ प्रशिक्षक, खेळाडूला शिष्यवृत्ती आणि पदवी पूर्ण करण्यासाठी अभ्यासाची मदत, अशी तिथली घडी आहे. १९८०मध्ये लेक प्लॅसिडच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये अमेरिकेनं जो संघ उतरवला तो कॉलेजांतून आलेल्या तरुणांचा होता. प्रशिक्षक हर्ब ब्रूक्स मिनेसोटा विद्यापीठाचे. त्या पोरांनी २२ फेब्रुवारीला बलाढ्य सोव्हिएत संघाला ४-३ असं हरवलं आणि पुढे फिनलंडला हरवून सुवर्ण जिंकलं.

त्या सामन्यातला विजयी गोल करणारा कर्णधार माइक इरुझिओनी बॉस्टन विद्यापीठाचा. एनएचएल या तिथल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगमध्ये तो एकही सामना खेळला नाही. त्यानं खेळ थांबवला आणि नंतरच्या आयुष्यात तो आपल्याच विद्यापीठात काम करू लागला. म्हणजे कॉलेजच्या खेळाडूची कारकीर्द तिथेही छोटीच असते. बहुतेकांच्या वाट्याला व्यावसायिक खेळ येत नाही. फरक इतकाच की ती थांबते तेव्हा हातात पदवी असते आणि पाठीशी संस्था असते. तिथली व्यवस्था निर्दोष नाही. विद्यापीठं खेळाडूंच्या नावावर मोठा पैसा कमावत राहिली आणि खेळाडूला त्यातला वाटा मिळावा म्हणून न्यायालयात दीर्घ लढे द्यावे लागले. तरीही खेळाडूचा खर्च आणि खेळानंतरचं आयुष्य हा संस्थेचा प्रश्न आहे, हे तिथे मान्य झालेलं आहे. आपल्याकडे अजून ते पुरतं मान्य व्हायचं आहे.

गेल्या काही दशकांत आपल्याकडे काहीच घडलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. १९६२मध्ये शिवाजी विद्यापीठ स्थापन झालं आणि कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या खेड्यांतल्या मुलांना विद्यापीठाचा संघ आपल्या भागात मिळाला. आंतरविद्यापीठ स्पर्धांतल्या कामगिरीसाठी मौलाना अबुल कलाम आझाद करंडक १९५६-५७पासून दिला जातो. २०२०मध्ये भुवनेश्वरला पहिले खेलो इंडिया विद्यापीठ खेळ झाले. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, आणि आंतरराष्ट्रीय कामगिरी केलेल्यांना थेट नियुक्तीही मिळते. कोल्हापूरचा जलतरणपटू वीरधवल खाडे सोळाव्या वर्षी बीजिंग ऑलिंपिकला गेला, २०१०मध्ये ग्वांगझोच्या आशियाई खेळांत त्यानं कांस्य मिळवलं आणि शासनानं त्याला तहसीलदार केलं. नेमबाज राही सरनोबत उपजिल्हाधिकारी झाली. खाशाबांच्या पिढीला याची कल्पनाही करता आली नसती.

पण नोकरी मिळाली म्हणजे प्रश्न सुटला असंही नाही. वीरधवल नोकरीच्या जबाबदाऱ्यांत काही वर्षं तलावापासून दूर राहिला आणि परतून २०१८च्या जकार्ता आशियाई खेळांत ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये चौथा आला, कांस्यपदकापासून अवघा एक शतांश सेकंद मागे. ती काही वर्षं पाण्यात गेली असती तर काय झालं असतं, हा प्रश्न मनात येतोच. खेळाडूला नोकरी देताना तिच्यात खेळायला सवड ठेवली आहे का, हे पाहण्याची जबाबदारी नोकरी देणाऱ्याची आहे.

याउलट राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे. २००९मध्ये तो राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला आणि तिथे नेमबाजीकडे वळला. २०१५मध्ये मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस झाला. १ ऑगस्ट २०२४ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात ४५१.४ गुणांसह त्यानं कांस्य मिळवलं. खाशाबांनंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळालं. ही दोन कांस्यपदकं शेजारी ठेवून पाहावीत. एकामागे शिक्षकाचं गहाण घर आहे, दुसऱ्यामागे प्रबोधिनी, प्रशिक्षक आणि रेल्वेची नोकरी. प्रतिभा आणि कष्ट दोन्हीकडे अस्सल आहेत. मधल्या काळात बदलली ती पाठीशी उभं राहण्याची रीत, आणि ती बदलली तिथे निकाल दिसला. दोन पदकांमधलं अंतर ७२ वर्षांचं आहे, यावरून ही रीत बदलायला आपण किती उशीर केला तेही कळतं.

मात्र प्रबोधिनीपर्यंत पोहोचणारी मुलं थोडी. बाकीच्यांसाठी कॉलेज हाच आधार, आणि तिथलं चित्र अजून माणसागणिक बदलतं. एखाद्या कॉलेजात जिमखान्याचे सर जीव तोडून काम करतात, मुलांसोबत एसटीनं रात्रीचा प्रवास करतात, खिशातून जेवण घालतात. एखाद्या ठिकाणी ते पद वर्षानुवर्षं रिकामं असतं. स्पर्धेच्या तारखा परीक्षेवर आल्या तर कुठे प्राध्यापक समजून घेतात, कुठे हजेरीचं कारण पुढे करतात. गुडघ्याचा लिगामेंट फाटला तर शस्त्रक्रियेचा खर्च बहुतेक वेळा घरच्यांवर पडतो, आणि ते घर शेतमजुराचं असेल तर मुलाचा खेळ तिथेच संपतो. मुलींची वाट तर याहून अरुंद. चांगली खेळणारी मुलगी शेवटच्या वर्षाला आली की घरात स्थळं पाहायला सुरुवात होते, आणि मैदानावरून तिची जागा न सांगता रिकामी होते. उचगावच्या परिसरात पहाटे धावणाऱ्या मुलामुलींपैकी अनेक जण कधीकाळचे कॉलेजचे खेळाडू आहेत. आता ते पोलीस भरतीचे सोळाशे आणि आठशे मीटर धावतात. त्यात कमीपणा मुळीच नाही. खाशाबाही पोलीसच झाले. पण ज्याच्यात देशासाठी खेळण्याची ताकद होती त्याला ती ताकद फक्त भरतीच्या चाचणीसाठी वापरावी लागत असेल, तर नुकसान त्याच्या एकट्याचं नाही.

पुढची पानं वाचताना वाचकानं प्रत्येक खेळाडूच्या बाबतीत तीन गोष्टी शोधाव्यात, असं मला सुचवावंसं वाटतं. त्याला पहिल्यांदा मैदानावर उभं राहू कुणी दिलं? त्याचा खर्च कुणी उचलला? आणि खेळ थांबल्यावर त्याच्याजवळ कोण राहिलं? या तीन प्रश्नांच्या उत्तरांत त्याची खरी कारकीर्द सापडते. पदकं आणि प्रमाणपत्रं ही त्या कारकिर्दीची नोंद आहे. तिला आकार देणारी माणसं आणि संस्था या उत्तरांत दिसतात, आणि उत्तर कोरं राहतं तिथे त्यांची उणीवही दिसते.

प्रस्तावना लिहिणाऱ्यानं पुस्तकाची ओळख करून द्यावी आणि बाजूला व्हावं, असा संकेत आहे. मी तो पाळणार आहे, पण एक मागणी करून. प्रत्येक विद्यार्थी प्रवेश घेताना जिमखान्याची फी भरतो. तिचा विनियोग कसा होतो हे दरवर्षी सूचनाफलकावर लागलं पाहिजे. स्पर्धेमुळे परीक्षा हुकली तर ती पुन्हा देण्याची सोय नियमानं असली पाहिजे, कुणाच्या मेहेरबानीनं नव्हे. संघात निवड झालेल्या प्रत्येक मुलामुलीचा दुखापतीचा विमा कॉलेजनं उतरवला पाहिजे. निवडीवर आक्षेप असेल तर ऐकून घेणारी समिती हवी, म्हणजे कुणाला महाराजांचं दार ठोठावावं लागणार नाही. यातल्या एकाही गोष्टीला सात हजार रुपयांसारखा त्याग लागत नाही. लागते ती वर्षानुवर्षं टिकणारी, माणूस बदलला तरी न बदलणारी शिस्त. वाचक संस्थाचालक असेल, प्राध्यापक असेल, पालक असेल किंवा स्वतः खेळाडू असेल, त्यानं हे पुस्तक मिटल्यावर आपल्या कॉलेजात जाऊन यातल्या निदान एका गोष्टीचा पाठपुरावा करावा. खर्डेकर सरांचं स्मरण करण्याची याहून योग्य रीत मला तरी सुचत नाही.

उचगाव, ता. करवीर, जि. कोल्हापूर